व्हायरल ताप, दुखरा थायरॉइड आणि फुटलेलं पेव

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी पलूस तालुक्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावात राहते. वय ३९, झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरात सगळ्यांनाच सर्दी-ताप झाला, चार दिवसांत बरे झालो. २६ जुलैपासून माझा गळा पुढच्या बाजूनं दुखायला लागला. कळ थेट कानात जाते. आधी दाढेचं वाटलं, मग कानाचं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, काडीचा फरक नाही. संध्याकाळी कणकण येते, छातीत धडधडतं, हात कापतात, वजन चार किलोनं उतरलंय. १४ ऑगस्टला रक्त तपासलं तर टीएसएच ०.०२ आला. 'थायरॉइड वाढलाय, दीड-दोन वर्षं गोळ्या लागतील' असं सांगून कार्बिमॅझोल लिहून दिलंय, मी अजून सुरू केलेलं नाही. सासूबाई म्हणतात, पुराचं पाणी बाधलं. माझ्या जाऊबाईंना आठ वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे. त्यांच्या पोटात नुकताच एच. पायलोरी नावाचा जंतू सापडला. 'जंतूमुळेच थायरॉइड होतो, जंतू मारला की गोळी सुटते' असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय, आणि आम्ही दोघींनी अठरा हजारांचा 'थायरॉइड शुद्धी'चा कोर्स घ्यावा म्हणून आग्रह चाललाय. माझी सहा वर्षांची मुलगी माझ्याच ताटात जेवते. तिला लागेल का? खरंच जंतूंमुळे थायरॉइड होतो का?

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही तारखा लिहिल्यात, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. नुसत्या पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करणारही नाही. पण जुलैच्या सुरुवातीचा ताप, मधे तीन आठवडे बरं वाटणं, मग गळ्याचं दुखणं, कानात जाणारी कळ, संध्याकाळची कणकण, धडधड, उतरलेलं वजन आणि तळाला गेलेला टीएसएच (थायरॉइडला काम सांगणारं हार्मोन) हे सगळं ओळीनं मांडलं की एका आजाराचा संशय पक्का येतो. त्याला सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस म्हणतात, म्हणजे थायरॉइडच्या ग्रंथीला आलेली सूज. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्वेन यांनी १९०४ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून काही डॉक्टर त्यांच्याच नावानं हा आजार ओळखतात.

आधी तातडीचं सांगते. कार्बिमॅझोल तुम्ही सुरू केलेलं नाही, ते बरं झालं. या दोन-तीन दिवसांत फिजिशियनला, जमलं तर एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञाला, भेटा. जाताना जुलैच्या तापाची आणि २६ तारखेची गोष्ट कागदावर लिहून न्या. गळा दाबून दाखवायला सांगा. दुखतंय ते घशाच्या आत नाही, गळ्याच्या पुढे, कंठाच्या खाली हाताला लागणाऱ्या गाठीत दुखतंय, हे डॉक्टरांच्या बोटाला कळलं पाहिजे. सोबत ईएसआर आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणाऱ्या), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फ्री टी-फोर, टी-थ्री (रक्तातली थायरॉइडची हार्मोन) या तपासण्या मागा. या आजारात ईएसआर चांगलाच चढतो, पन्नासच्या वर असणं नेहमीचं आहे. महिनाभर गळा दुखतोय आणि ईएसआर अगदी नॉर्मल आला, तर मीही माझा संशय मागे घेईन.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, कारण एकदा ते समजलं की कुठली गोळी कशासाठी, हे तुम्हीच दुसऱ्याला सांगाल.

तुम्ही हरिपूरची हळदीची पेवं पाहिली असतील, निदान ऐकून तरी माहीत असतील. जमिनीखाली खोल खड्ड्यात हळद महिनोन्‌महिने जपून ठेवायची. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि त्या हळदीचं काय झालं, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. थायरॉइड ही ग्रंथी अशीच आहे. शरीरातल्या बहुतेक ग्रंथी लागेल तसं हार्मोन बनवतात आणि सोडतात. थायरॉइड मात्र बनवलेला माल साठवून ठेवते, साधारण दोन-तीन महिने पुरेल इतका. एखादा विषाणू घशा-नाकातून शरीरात येऊन जातो. त्याच्याशी लढताना उठलेली आग काही जणांच्या थायरॉइडपर्यंत पोचते आणि साठ्याच्या भिंतींना तडे जातात. मग आत जपलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं. धडधड, कापरं, घाम, वजन घटणं ही त्या सांडलेल्या मालाची लक्षणं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे पाहते आणि आपला हुकूम, म्हणजे टीएसएच, बंद करते. तुमच्या रिपोर्टवरचा ०.०२ हा आकडा म्हणजे तो बंद झालेला हुकूम आहे.

पेव फुटलंय, कारखाना वाढलेला नाही. सगळा फरक इथे आहे. ग्रेव्हज नावाचा दुसरा एक आजार आहे, त्यात कारखाना रात्रंदिवस चालतो आणि माल अमाप बनतो. कार्बिमॅझोल कारखान्याची चाकं थांबवतं, म्हणून ग्रेव्हजमध्ये ते उत्तम औषध आहे. पण सांडलेली हळद कारखाना बंद करून पेवात परत जात नाही. दोन्ही आजारांत टीएसएच तळालाच असतो आणि टी-फोर चढलेलाच असतो, म्हणून नुसता रिपोर्ट पाहणाऱ्याची फसगत होते. शंका राहिलीच तर एक स्कॅन असतो. अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ देऊन ग्रंथी तो किती ओढून घेते ते पाहतात. ग्रेव्हजमध्ये ती भरभरून ओढते, तुमच्या प्रकारात जवळजवळ ओढतच नाही. हा स्कॅन सगळीकडे होत नाही आणि दिवस गेले असतील तर करत नाहीत. दुखरा गळा आणि चढलेला ईएसआर एवढं असलं की बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही. रक्तातली ट्रॅब ही अँटिबॉडी तपासूनही ग्रेव्हज ओळखता येतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत वाळव्याकडची एक बाई आली. ऊसतोडीच्या हंगामात दोन आठवडे गळा दुखतोय म्हणत होती. मी रिपोर्ट पाहिला, टीएसएच तळाला, आणि कार्बिमॅझोल लिहून मोकळी झाले. गळ्याला हात लावला नाही. दोन महिन्यांनी ती सुजलेल्या चेहऱ्यानं, जड आवाजात परत आली, टीएसएच आभाळाला टेकलेला. पेव रिकामं झाल्यावर तिची ग्रंथी आपोआपच थोडे दिवस मंदावणार होती आणि वरून मी तिची चाकं थांबवून ठेवली होती. त्या बाईंचे ते दोन महिने माझ्यामुळे गेले. तेव्हापासून गळा हातानं चाचपल्याशिवाय मी थायरॉइडची गोळी लिहिलेली नाही.

अँटिबायोटिकनं फरक का पडला नाही, हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि तुमचा गळा दुखायला लागला तोवर तो विषाणूही बहुधा निघून गेला होता. मागे राहिली ती सूज. गालगुंडाचा विषाणू, गोवर, इन्फ्लुएन्झा, कॉक्सॅकी, अ‍ॅडिनोव्हायरस अशा कित्येकांची नावं या आजारामागे घेतली गेली आहेत. २०२० मध्ये इटलीतल्या पिसा इथल्या डॉक्टरांनी करोनानंतर असाच गळा दुखू लागलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीची नोंद छापली आणि पाठोपाठ जगभरातून तशा नोंदी आल्या. तुमच्या घरात ताप सगळ्यांना आला, थायरॉइड फक्त तुमचाच सुजला. त्यालाही कारण आहे. काहींच्या पेशींवर जन्मतःच अशी खूण असते की त्यांना ही सूज लवकर येते. शिवाय बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, आणि बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. तुम्ही काही खाल्लंत, भिजलात, हयगय केलीत, असं मनात आणू नका.

जिथे अँटिबायोटिक लागतंच, असाही एक थायरॉइडचा आजार आहे. ग्रंथीत जिवाणू शिरून पू होणं. हे फार दुर्मीळ आहे, कारण थायरॉइडला स्वतःचं घट्ट आवरण आहे, रक्ताचा पुरवठा भरपूर आहे आणि आत आयोडीन ठासून भरलेलं आहे. जिवाणूंना तिथे थारा मिळत नाही. मधुमेह फार बिघडलेला असेल किंवा प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तर मात्र हे घडू शकतं. लहान मुलांत गळ्याच्या डाव्या बाजूला पुन्हा पुन्हा गळू होत असेल, तर घशातून थायरॉइडकडे जाणारी जन्मजात बारीक वाट राहून गेलेली असते. ती शोधून शस्त्रक्रियेनं बंद करावी लागते, नाहीतर मूल दर वर्षी अँटिबायोटिक खात राहतं. तुमच्या बाबतीत हुडहुडी भरून जोराचा ताप आला, गळ्याची कातडी लाल-गरम झाली, गिळता येईना किंवा श्वासाला घरघर लागली, तर माझ्या सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी सांगली-मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात जा.

उपचारांचं म्हणाल तर संशय खरा ठरला, तर ते साधे आहेत. दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारखी गोळी जेवणानंतर, तुमचं पोट आणि मूत्रपिंड पाहून डॉक्टर देतील. धडधड आणि कापरं यांसाठी प्रोप्रानोलोल देतात. दमा असेल तर ते आधी सांगा, कारण दम्यात ते चालत नाही. दोन-तीन दिवसांत दुखणं हललं नाही, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, आणि या आजारात ते इतकं झटपट काम करतं की एक-दोन दिवसांत बाई गळा वळवून हसायला लागते. 'स्टेरॉइड' शब्दाला घाबरून नाही म्हणू नका. घाई मात्र करू नका. बरं वाटलं म्हणून चौथ्या दिवशी गोळी सोडली की दुखणं उलटतं. साधारण सहा आठवडे डोस पायरी-पायरीनं खाली आणावा लागतो. साखरेचा त्रास असेल तर त्या काळात साखर तपासत राहायची.

आणि पुढचं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी कुणी घाबरवणार नाही. धडधडीचा हा टप्पा काही आठवड्यांत ओसरेल. त्यानंतर बऱ्याच जणींची ग्रंथी मंदावते, कारण साठा संपलेला असतो आणि नवा माल भरायला वेळ लागतो. तुमच्या हिशेबानं हे दिवाळीच्या आगेमागे येऊ शकतं. थंडी जास्त वाजेल, सुस्ती येईल, बद्धकोष्ठ होईल, पाळी लांबेल, आणि तेव्हाच्या रिपोर्टवर टीएसएच उलट चढलेला दिसेल. नेमकं तेव्हा कुणीतरी म्हणेल, 'आता जन्मभर गोळी.' तसं नसतं. त्या काळात त्रास जास्त असेल तर काही महिने थायरॉक्सीन, म्हणजे थायरॉइडचंच हार्मोन गोळीतून, देतात आणि मग थांबवून पाहतात. वर्षभरात बहुतेकांची ग्रंथी पूर्ववत होते. शंभरात पाच ते पंधरा जणींना मात्र कायमची गोळी लागते. तुम्हाला आणखी मूल हवं असेल तर तेवढं आधी डॉक्टरांना सांगा, मंदावलेल्या टप्प्यात दिवस राहिले तर गोळीचा निर्णय वेगळा असतो.

टीएसएचची एक खोड इथेच सांगते. तो मागे रेंगाळतो. रक्तातलं हार्मोन नॉर्मल झालं तरी बंद पडलेला हुकूम पुन्हा सुरू व्हायला आठवडे लागतात. म्हणून या काळात नुसता टीएसएच पाहून काही ठरवायचं नाही, शेजारी फ्री टी-फोर हवाच. तसंच, कुणी डेंग्यू, न्यूमोनिया, टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेलं असताना थायरॉइडची तपासणी केली तर आकडे वेडेवाकडे येतात. मोठ्या आजारात शरीर आपणहून खर्च कमी करतं. टी-थ्री उतरतो, टीएसएच डळमळतो, आणि बरं होताना तो काही दिवस चढतोही. पावसाळ्यात आपल्याकडे तापाच्या रुग्णांना 'सगळ्याच तपासण्या करून टाका' म्हणत हे रिपोर्ट निघतात आणि धडधाकट माणसाच्या हातात थायरॉइडची गोळी पडते. थायरॉइडचाच आजार आहे असा खास संशय नसेल, तर बरं झाल्यावर सहा-आठ आठवडे थांबून तपासायचं.

तुमच्या गावात कुणी खऱ्या ग्रेव्हजसाठी कार्बिमॅझोल घेत असेल, तर त्यांनाही माझा निरोप द्या. हजारात दोन-चार जणांत हे औषध रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक खाली आणतं, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत. त्यामुळे गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसायचं नाही. गोळी थांबवायची, त्याच दिवशी सीबीसी करायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. यानं जीव वाचतो, म्हणून इतकं ठासून सांगतेय.

आता जाऊबाईंकडे वळते, कारण त्यांचा थायरॉइड आणि तुमचा थायरॉइड यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. आठ वर्षं थायरॉक्सीन चालू आहे म्हणजे त्यांचा बहुधा हाशिमोटो असणार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरनं १९१२ मध्ये तो वर्णिला. त्यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला परकी समजून हळूहळू, वर्षानुवर्षं पोखरते. दुखत नाही, ताप येत नाही. रक्तात अँटि-टीपीओ या अँटिबॉडी सापडतात.

या आजाराला जंतू सुरुवात करून देतात का? या प्रश्नावर कित्येक वर्षं काम चाललंय आणि शंका घेण्यासारखं कारणही आहे. काही जंतूंच्या अंगावरचे तुकडे आपल्या थायरॉइडमधल्या प्रथिनांशी मिळतेजुळते असतात. जंतूविरुद्ध उभी राहिलेली फौज चेहरामोहरा सारखा पाहून घरच्याच माणसावर चालून गेली, असं घडू शकतं. येर्सिनिया नावाच्या, जुलाब करणाऱ्या एका जिवाणूवर १९७० च्या दशकापासून असा संशय होता. त्याच्या अंगावर टीएसएच चिकटायची जागा असते, हे प्रयोगशाळेत दिसलंही होतं. पण पुढे थायरॉइडच्या रुग्णांच्या नात्यातल्या निरोगी बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा येर्सिनिया होऊन गेलेल्यांना थायरॉइड जास्त होतो असं काही दिसलं नाही. हिपॅटायटिस सी या काविळीच्या विषाणूचा संबंध जास्त भक्कम आहे. तो असलेल्यांत थायरॉइडच्या अँटिबॉडी जास्त सापडतात, आणि त्यावर पूर्वी देत असलेल्या इंटरफेरॉनच्या इंजेक्शननंही थायरॉइड बिघडायचा. एप्स्टाइन-बार विषाणूवरही संशय आहे, सिद्ध काही नाही. एच. पायलोरीवरचे अभ्यास एकमेकांशी भांडतात. काहींत संबंध दिसतो, काहींत नाही.

महापुरात काठावरच्या घरांत साप निघतात, तुम्ही पाहिले असतील. म्हणून पूर सापांनी आणला असं आपण म्हणत नाही. एच. पायलोरी आपल्या देशात निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात असतो. हाशिमोटोही बायकांत भरपूर. दोन्ही एका बाईत सापडणं हे रोजचंच आहे, त्यावरून एकानं दुसरा आणला असं ठरत नाही. आठ वर्षं पोखरलेली ग्रंथी जंतू मारल्यानं पुन्हा भरून येत नाही. जाऊबाईंची गोळी त्यानं सुटणार नाही, आणि त्यांनी ती स्वतःहून सोडूही नये.

तरीही एच. पायलोरीकडे दुर्लक्ष करू नका, त्याला वेगळं कारण आहे. थायरॉक्सीनची गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. हा जंतू जठराला सूज आणतो, आम्ल कमी करतो, आणि मग गोळी खाऊनही अंगी लागत नाही. २००६ मध्ये रोमच्या डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. एच. पायलोरी असलेल्यांना तोच टीएसएच राखायला गोळीचा जास्त डोस लागत होता, आणि जंतूचा उपचार झाल्यावर डोसची गरज उतरली. तेव्हा जाऊबाईंचा डोस गेल्या वर्ष-दोन वर्षांत वाढत-वाढत गेला असेल, तर कारण हेच असू शकतं. डॉक्टरांनी सांगितलेला चौदा दिवसांचा कोर्स त्यांनी पूर्ण करावा आणि संपल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करावा. जुनाच डोस तेव्हा जास्त होऊ शकतो आणि मग त्यांनाही धडधड सुरू होईल. आणि त्यांना एवढं विचारा : सकाळी गोळी घेतल्यावर किती वेळानं चहा घेता? पाण्याबरोबर गोळी, मग अर्धा-पाऊण तास काही नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी किमान चार तासांनी. आपल्याकडे निम्म्या बायकांचा डोस चहापायी वाढलेला असतो, असं माझं इतक्या वर्षांच्या पाहण्यातून झालेलं मत आहे.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी हसणार नाही. पाण्यावर संशय घेणाऱ्या त्या पहिल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅकरिसन नावाचा एक तरुण ब्रिटिश डॉक्टर गिलगिटला नेमणुकीवर होता. तिथे एकाच प्रवाहावर खाली-खाली वसलेल्या आठ वस्त्या होत्या आणि गलगंडाचं प्रमाण वरच्या वस्तीपासून तळाच्या वस्तीपर्यंत वाढत जायचं. वर शंभरात बारा, तळाशी पंचेचाळीसच्या वर. वरच्यांचं सांडपाणी खालचे पीत होते. मॅकरिसननं त्या पाण्याचा गाळ स्वतः प्यायला, काही स्वयंसेवकांनाही दिला. काहींचे गळे सुजले, त्यात त्याचाही. उकळलेला गाळ पिणाऱ्यांना काही झालं नाही. त्यानं निष्कर्ष काढला की गलगंड पाण्यातल्या जिवंत जंतूमुळे होतो. इतका धाडसी प्रयोग, इतकी काळजीपूर्वक मोजणी, आणि तरी मुख्य कारण हातातून निसटलं. डोंगराळ मातीतलं आयोडीन पावसानं आणि बर्फानं धुऊन गेलेलं असतं, गलगंडाचं मूळ तिथे होतं. आपल्याकडे १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून पाहिलं. आयोडीनचं मीठ मिळालेल्या भागात गलगंड उतरला. १९६२ मध्ये सरकारनं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि आज आपल्या स्वयंपाकघरात जी मिठाची पिशवी येते ती त्यातूनच आली.

तेव्हा पुराच्या पाण्यानं तुमचा थायरॉइड सुजला असं म्हणायला आधार नाही. पुरानंतर गावात कावीळ, गॅस्ट्रो, टायफॉइड, लेप्टो येतात, म्हणून पाणी उकळायची सासूबाईंची सवय मुळीच मोडू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की तुमच्याकडे काय होतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलंय.

आपल्या भाषेतले तीन शब्द या गोंधळात भर घालतात, तेही वेगळे करून ठेवते. गालगुंड म्हणजे गालाखालच्या लाळेच्या ग्रंथी सुजणं, तो विषाणूचा आजार, एकापासून दुसऱ्याला होतो. गंडमाळ म्हणजे मानेच्या बाजूला माळेसारख्या येणाऱ्या गाठी, त्या बऱ्याचदा क्षयाच्या असतात, आणि तोही जंतूचाच. गलगंड म्हणजे थायरॉइडची वाढ, ती एकापासून दुसऱ्याला होत नाही. म्हाताऱ्या माणसांनी 'गळ्याला आलंय' म्हटलं की यातलं काय, ते विचारून घ्यावं. कुणाच्या मानेच्या बाजूला महिनाभर गाठ असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये वेळ न घालवता क्षयाची तपासणी करा. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

मुलीला तुमच्या ताटातलं खुशाल जेवू द्या. जुलैतला विषाणू लागण्याजोगा होता, आणि तो तर तेव्हाच घरभर फिरून गेला. आताची तुमची सूज कुणाला लागत नाही. जाऊबाईंचा हाशिमोटोही लागत नाही. एका घरातल्या मायलेकींना, बहिणींना तो होतो तो रक्ताच्या नात्यामुळे, एका ताटामुळे नव्हे. जाऊबाई तर तुमच्या रक्ताच्याही नाहीत.

अठरा हजारांच्या कोर्सबद्दल मला राग येतोय, आणि तो मी लपवणार नाही. तुमचा आजार बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. तीन महिन्यांनी तुम्हाला बरं वाटेल आणि श्रेय तो कोर्स घेईल. तुमचं उदाहरण दाखवून मग पुढच्या दहा बायकांकडून पैसे घेतले जातील, आणि त्यांतली एखादी जाऊबाईंसारखी असेल, जी गोळी सोडून बसेल. शिवाय अशा कोर्समध्ये कधीकधी आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल असतात, आणि हाशिमोटोमध्ये जादा आयोडीन ग्रंथीला आणखी मंदावू शकतं. रोजच्या मिठात आयोडीन पुरेसं आहे, वरून काही नको. कोर्स देणाऱ्याला आधी एवढंच विचारा, कुठला जंतू, आणि तो कुठल्या तपासणीत सापडला? पैसे हातात ठेवा. ईएसआर आणि टी-फोर मिळून त्याच्या दहाव्या हिश्श्यातही भागतं.

शाळेचं काय करू, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण शिक्षिका म्हणजे दिवसभर गळ्यावर ताण आणि वर्गात उभं राहणं. धडधड शमेपर्यंत निदान आठवडाभर रजा घ्या. मुख्याध्यापकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या. कवायतीच्या तासाला धावू नका, जिने दमानं चढा.

भिंतीवरच्या कालनिर्णयात आजच तीन खुणा करून ठेवा : सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आणि जानेवारीची सुरुवात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नाही तर या तिन्ही वेळी टीएसएच आणि फ्री टी-फोर करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि सगळे कागद एका फायलीत तारखेनं लावा. पहिल्या तपासणीतला ईएसआर किती आला, ते मला जरूर कळवा.